सुट्टीतले मूल कोणाचे?

मे महिना उजाडला की इंदूरच्या रेल्वे स्थानकावर सकाळपासून एक ओळखीचे दृश्य दिसू लागते. पुण्याहून किंवा मुंबईहून आलेल्या गाडीतून एखादी माता दोन मुलांचा हात धरून उतरते आणि गुडघे दुखत असूनही फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेलेले आजोबा त्यांना सामोरे जातात. एकेकाळी हा प्रवास उलट्या दिशेने होत असे. होळकरांच्या काळापासून माळव्यात स्थिरावलेल्या आपल्या कुटुंबांतील मुले सुट्टी लागताच पुण्याला, खानदेशात, कोकणात आजोळी जात. आता आपली मुले-मुली शिक्षणासाठी व नोकरीसाठी पुण्या-मुंबईस गेली आणि आजोळ इंदूरला आले. वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि दिवाळीत, घर भरते. ते भरलेले घर आपल्या उतारवयातील केवढे मोठे सुख आहे, हे सांगणे न लगे.

याच दिवसांत माझ्या दवाखान्यात एका विशिष्ट प्रकारचा बालरुग्ण येऊ लागतो. त्याला आजी घेऊन आलेली असते. त्याचे वजन विचारले तर ती संकोचाने हसते. कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का, लसी पूर्ण झाल्या आहेत का, मागच्या वेळी दम लागला तेव्हा काय दिले होते, या प्रश्नांचे उत्तर ठरलेले असते : “फाईल पुण्याला आहे हो, डॉक्टर.” मग मोबाईलवर आईला गाठावे लागते, ती कार्यालयातील बैठकीत असते. गेली तीस-बत्तीस वर्षे मुलांवर उपचार करताना माझी अशी धारणा झाली आहे, की सुट्टीतल्या मुलांचे आजार काही निराळे नसतात. निराळे असते ते त्या मुलाविषयी भोवतालच्यांना असलेले अज्ञान. नेहमीचा डॉक्टर मागे राहिला, शाळेची वेळ सुटली, आईची नजर दूर गेली. अशा अवस्थेत ते मूल पंधरा-वीस दिवस सर्वांचे असते, आणि म्हणूनच पुष्कळदा कोणाचेच नसते.

हे विधान कोणास कठोर वाटेल. म्हणून एक अनुभव सांगतो. तो कोणा रुग्णाच्या घरचा नाही, माझ्या स्वतःच्या घरचा आहे.

काही वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आमच्याकडे सगळे जमले होते. घरात अकरा मोठी माणसे, त्यांतले तीन डॉक्टर. दुपारी आमरसाचे जेवण झाले आणि कूलरच्या गारव्यात सगळे आडवे झाले. साडेचारच्या सुमारास आमच्या सौभाग्यवतींनी चार वर्षांच्या नातवाच्या कपाळावरून सहज हात फिरवला. तो घामाने थबथबला होता आणि हाका मारूनही डोळे उघडीत नव्हता. “प्रवासाने दमलाय, झोपू दे,” असे दोघांनी सांगितलेही. त्या ऐकल्या नाहीत. त्यांनी मला उठवले. माझ्याच मधुमेहासाठी घरात असलेल्या यंत्रावर त्याच्या रक्तातील साखर मोजली. ती 34 निघाली. शुद्ध पुरती नसल्याने तोंडाने काही देणे धोक्याचे होते. रुग्णालय गाठून शिरेतून ग्लुकोज सुरू होईपर्यंतची ती वीस मिनिटे मी अद्याप विसरलेलो नाही.

घरी परतून पाहिले तेव्हा माझ्या आठवड्याच्या गोळ्यांच्या प्लॅस्टिकच्या डबीतील एक कप्पा रिकामा होता. डबी जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी होती. नातू दुसऱ्या दिवशी निरागसपणे म्हणाला, “आजोबांची गोळी खाल्ली.” आपल्या भाषेत लिमलेटची ती गोळी आणि मधुमेहाची तीही गोळीच. शिवाय औषध घ्यावे म्हणून “गोड गोळी आहे, घे रे राजा” असे आपणच लहानग्यांना शिकविलेले असते. त्याचे काय चुकले?

वैद्यकीय व्यवसायातील माझ्या बंधु-भगिनींना ठाऊकच आहे, की ग्लिमेपिराईड, ग्लिबेनक्लामाईड यांसारख्या सल्फोनिलयुरिया वर्गातील एकच गोळी लहान मुलाची साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली आणू शकते. तिचा परिणाम कित्येक तास उशिराही दिसू शकतो, आणि एकदा वर आलेली साखर पुन्हा घसरते. म्हणून असे मूल हसू-खेळू लागले तरी त्याला किमान चोवीस तास रुग्णालयात देखरेखीखाली ठेवावे लागते. रक्तदाबाच्या व हृदयविकाराच्या काही गोळ्यांबाबतही अशीच सावधगिरी हवी. आपल्या पिढीच्या घराघरांत या गोळ्या आहेत. आठवड्याच्या डब्या आपल्या सांधेदुखीच्या बोटांना उघडता याव्यात म्हणून सोप्या केलेल्या असतात. त्या चार वर्षांच्या बोटांनाही तितक्याच सहज उघडतात.

आमचा नातू पूर्ण बरा झाला. परंतु त्या रात्री मला छळणारा प्रश्न गोळ्यांचा नव्हता. अकरा माणसे घरात असताना त्या मुलाकडे लक्ष कोणाचे होते? प्रत्येकाला वाटले, दुसरा पाहतो आहे. मुलीला वाटले, आई आहे. आईला वाटले, मावशी खेळवते आहे. मावशीला वाटले, आजोबांच्या खोलीत झोपला असेल. एकटी आई घरी असती तर तिने त्याला नजरेआड होऊ दिले नसते. माणसांची गर्दी म्हणजे देखरेख नव्हे, हा धडा मला बालरोगशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथाने दिला नव्हता.

एकदा ही दृष्टी आली, की सुट्टीतील बहुतेक दुखण्यांची उकल होऊ लागते. उन्हाळ्यातील जुलाब-उलट्यांचेच पाहा. लग्नसराई असते, सराफ्यातली रात्रीची फेरी होते, बर्फाचा गोळा खाल्ला जातो. यांतले काहीच करू नका, असे मी म्हणणार नाही. इंदूरला येऊन सराफा न पाहता परत जाणे हाही एक अन्यायच आहे. परंतु जुलाब सुरू झाल्यावर घरात जे घडते ते पाहण्यासारखे असते. एक काकू लिंबू सरबत देतात, मामा दुकानातून फळांच्या चवीचे तयार पेय आणतो, आत्या म्हणते दूध बंद करा, आजी म्हणते पोटाला विश्रांती द्या. चौघांचे प्रेम खरे असते. आणि चौघांच्या प्रेमात मुलाच्या अंगातले पाणी कमी होत जाते.

जलसंजीवनीचे शास्त्र साधे आहे. 1971 साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली आणि सलाईन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे प्रमाणशीर द्रावण तोंडाने पाजून असंख्य जीव वाचविले. 2023 साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. त्या द्रावणातील सारे मर्म प्रमाणात आहे. आजच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटर पाण्यात 13.5 ग्रॅम ग्लुकोज व 2.6 ग्रॅम मीठ असते, शिवाय पोटॅशियम क्लोराईड व सायट्रेट. याहून पुष्कळ अधिक साखर असलेले गोड पेय आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढवते. अशी गोड पेये वर्षानुवर्षे ‘ओआरएस’ हे नाव मिरवीत औषधांच्या दुकानांत विकली जात होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध अनेक वर्षे चिकाटीने लढा दिला, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने खाद्यपेयांच्या नावात हा शब्द वापरण्यास मनाई केली. एका व्यक्तीने नेटाने धरलेल्या आग्रहाचे हे फळ आपल्या व्यवसायाने अभिमानाने सांगावे असे आहे. घरी मात्र एवढेच लक्षात ठेवावे : पुडीवर जितके पाणी लिहिले असेल तितकेच घ्यावे, दर जुलाबानंतर घोट-घोट पाजावे, अंगावरचे दूध व नेहमीचे अन्न थांबवू नये आणि डॉक्टरांनी सांगितलेले झिंक चौदा दिवस पुरे करावे. मूल परगावी निघाले तरी उरलेले झिंक त्याच्या पिशवीत गेले पाहिजे.

दुसरी गोष्ट उरलेल्या बाटल्यांची. पाहुण्या मुलाला खोकला झाला, की कपाटातून कोणाच्या तरी मागच्या दुखण्याचे सिरप निघते. आपल्याच राज्यातील छिंदवाडा जिल्ह्यात 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबर महिन्यांत काय घडले, ते आठवावे. डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य असलेल्या खोकल्याच्या सिरपमुळे मूत्रपिंडे निकामी होऊन वीसहून अधिक बालके दगावली. ती मुले साध्या सर्दी-तापाने आजारी होती. काही न देता चार दिवसांत बरी झाली असती, अशीच त्यांतली बहुतेक असणार. त्यानंतर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावले, की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सहसा देऊ नयेत. औषधातील भेसळ ओळखणे आजीच्या हातात नाही, हे खरे. परंतु नको असलेले औषध न देणे तिच्या आणि आपल्याही हातात आहे. कोमट पाणी, एक वर्षाहून मोठ्या मुलाला चमचाभर मध आणि श्वासाच्या गतीवर लक्ष, एवढे पुष्कळदा पुरते.

तिसरी गोष्ट दोन गावांमध्ये तुटणाऱ्या उपचारांची. अंगणात खेळताना कुत्र्याचा दात लागतो आणि मूल रागावतील या भीतीने सांगतच नाही. आपल्या घरी ते आईला सांगते. पाहुण्यांच्या घरी सांगत नाही. म्हणून सुट्टीच्या पहिल्याच दिवशी मुलांना बजावून सांगावे, की कुत्रा-मांजर चावले, ओरखडले तर लगेच सांगायचे, कोणी रागावणार नाही. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. तिखट, चुना, हळद काही लावू नये. आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठून लस सुरू करावी. जखम खोल असेल तर तेथे इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. स्नायूंत दिली जाणारी लस पहिल्या दिवसानंतर 3, 7, 14 व 28 व्या दिवशी द्यावी लागते. येथे तीन मात्रा घेऊन मूल पुण्याला परतते, शाळा सुरू होते आणि पुढच्या मात्रा विसरल्या जातात. इंदूरच्या डॉक्टरला वाटते, पुण्यात घेतील. पुण्याच्या डॉक्टरला मुळात काही माहीतच नसते.

जी कुटुंबे अजूनही सुट्टीत कोकणात जातात त्यांच्याबाबतीत हीच गोष्ट विंचवाची. माळव्यात वाढलेल्या मुलाला चपला झटकून घालण्याची सवय नसते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तेथील तांबड्या विंचवाच्या दंशाचा आयुष्यभर अभ्यास केला आणि प्राझोसिन या साध्या, स्वस्त औषधाने मुलांचे प्राण वाचविता येतात हे जगाला दाखविले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. परंतु त्या औषधाचा उपयोग मूल वेळेवर पोहोचले तरच होतो. दंशानंतर दरदरून घाम, थंड पडलेले हातपाय, उलट्या दिसल्या, तर उतारा-मंत्र यांत एक क्षणही न घालविता जवळचे रुग्णालय गाठावे. ते कोठे आहे, हे गावात उतरल्या दिवशीच विचारून ठेवावे.

पाण्याविषयीही असेच. महेश्वरचा घाट ही आपल्या सर्वांची आवडती जागा. अहिल्याबाईंच्या त्या नगरीत नातवंडांना नेणे हा आपल्या घरचा एक संस्कारच झाला आहे. घाटावर दहा मोठी माणसे गप्पांत, फोटोंत रमलेली असतात आणि मुले पायऱ्यांवर खाली सरकत असतात. बुडणारे मूल चित्रपटातल्यासारखे ओरडत नाही, हात हलवीत नाही. ते मुकाट्याने खाली जाते आणि त्याला दोन-तीन मिनिटे पुरतात. 18 जानेवारी 2024 रोजी बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची नाव उलटून बारा विद्यार्थी व दोन शिक्षिका मृत्यू पावल्या. अंगात जीवरक्षक जाकीट नसेल तर मुलाला नावेत बसवू नये. नावाडी हसला तरी चालेल. घरात रांगते मूल असेल तर न्हाणीघरातील भरलेली बादलीसुद्धा झाकलेली किंवा रिकामी हवी.

आणि दिवाळी. 2025 च्या दिवाळीत भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर, विदिशा येथील नेत्रतज्ज्ञांनी जे पाहिले ते विसरता येण्यासारखे नाही. शे-दोनशे रुपयांना मिळणारी प्लॅस्टिकच्या नळीची ‘कार्बाईड गन’ मुलांच्या हाती आली. कॅल्शियम कार्बाईडवर पाणी पडले की ॲसिटिलीन वायू होतो आणि ठिणगीने त्याचा स्फोट होतो. बार उडाला नाही म्हणून मूल नळीत डोकावून पाहते, नेमक्या त्याच क्षणी तो उडतो. आग, नळीचे तुकडे आणि मागे उरणारा चुन्यासारखा तीव्र अल्कधर्मी पदार्थ असा तिहेरी आघात बुबुळावर होतो. एकट्या भोपाळमध्ये शंभराहून अधिक जण जखमी झाले. त्यांत मुलांचा भरणा होता आणि काहींची दृष्टी गेली. ही वस्तू मुलांनी चोरून आणली नव्हती. कोणीतरी मोठ्याने कौतुकाने घेऊन दिली होती. डोळ्यात असे काही गेले तर चोळू नये, स्वच्छ पाण्याची धार पंधरा-वीस मिनिटे धरावी आणि थेट नेत्ररुग्णालयात न्यावे. भाजल्यास वीस मिनिटे साधे वाहते पाणी. टूथपेस्ट, शाई, बर्फ काही नको.

येथे एखादा वाचक म्हणेल, “डॉक्टर, मग मुलांनी सुट्टीत करायचे तरी काय? घरात कोंडून ठेवायचे?” मुळीच नाही. या लेखाचा तसा अर्थ घेतला गेला तर मला खेद होईल. मोबाईल हातात देऊन मुलाला सोफ्यावर बसविणे हा सुरक्षिततेचा मार्ग नव्हे. तो झोप, डोळे, भूक आणि वजन यांचा हळूहळू होणारा ऱ्हास आहे. मुलांनी मातीत खेळावे, झाडावर चढावे, गुडघे फोडून घ्यावेत, मामेभावंडांशी भांडावे, गच्चीवर गोष्टी ऐकत झोपी जावे. भर उन्हाची अकरा ते चार ही वेळ तेवढी सावलीत काढावी आणि “दोन मिनिटांत येतो” म्हणून कोणत्याही मुलाला बंद मोटारीत सोडून जाऊ नये; दहा मिनिटांत आतील तापमान सुमारे दहा अंशांनी चढते. मोठ्यांचे काम मुलांची सुट्टी आखडण्याचे नाही. ती त्यांना पुरती उपभोगता यावी म्हणून स्वतः जागे राहण्याचे आहे.

त्यासाठी आमच्या घरी त्या प्रसंगानंतर एक साधा नियम केला आहे. रोज सकाळी चहाच्या वेळी ठरते, “आज मुलांकडे कोण?” ज्याची पाळी असेल त्याचे नाव सर्वांसमोर घेतले जाते, मुलांनाही सांगितले जाते. दुपारी पाळी बदलते तेव्हा “आता मी पाहतो” असे तोंडाने म्हणून ती घ्यावी लागते. रुग्णालयात आपण पाळी बदलताना रुग्ण सोपवितो, तसेच हे. प्रारंभी सर्वांना हसू आले. आता नातवंडेच आठवण करून देतात. माझ्या गोळ्या उंच कपाटात कुलपात असतात, आणि आमच्या घरात औषधाला कोणी ‘गोड गोळी’ म्हणत नाही.

आता थोडे आपल्या व्यावसायिक बंधु-भगिनींशी. दोष केवळ कुटुंबांचा नाही. आपण सल्ला देतो तो आईला आणि वडिलांना. सुट्टीत मूल सांभाळणाऱ्या आजी-आजोबांशी आपण कधी बोलतो? परगावच्या मुलाचे वजनही न विचारता नातेवाइकांच्या आग्रहाखातर फोनवर औषध सांगण्याचा मोह आपल्यापैकी कितीजण टाळतात? मीही तो नेहमी टाळला आहे, असे छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. आणि दिवाळीचे चार दिवस, जेव्हा घरे मुलांनी भरलेली असतात, नेमके तेव्हाच आपले दवाखाने एकाच वेळी बंद असतात.

म्हणून आपल्या मंडळासमोर मी तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली, सुट्टीला निघणाऱ्या प्रत्येक मुलाच्या आईच्या हाती आपण एक कागद द्यावा : वजन, लसी, ॲलर्जी, चालू औषधे, दम्याचा पंप असल्यास त्याची मात्रा आणि आपला दूरध्वनी. परत जाणाऱ्या मुलाच्या कागदावर येथे झालेला उपचार आणि उरलेल्या मात्रांच्या तारखा लिहाव्यात. दुसरी, एप्रिलमध्ये आणि दिवाळीपूर्वी आजी-आजोबांसाठी एक सभा घ्यावी. तीत व्याख्यान अर्धा तासच असावे. उरलेला वेळ जलसंजीवनी कालवून दाखविण्यास, भाजल्यावर काय करावे ते प्रत्यक्ष करून घेण्यास आणि प्रश्नांना द्यावा. तिसरी, दिवाळीच्या दिवसांत सभासदांनी पाळ्या वाटून घ्याव्यात आणि कोणत्या दिवशी कोण उपलब्ध आहे याची यादी अगोदर प्रसिद्ध करावी. पहिल्या पाळीसाठी माझे नाव लिहून घ्यावे.

या तिन्ही गोष्टींना निधी लागत नाही, इमारत लागत नाही. “आज मुलांकडे कोण?” हा प्रश्न जसा आमच्या घरी चहाच्या वेळी विचारला जातो, तसाच तो आपल्या मंडळानेही वर्षातून दोनदा स्वतःला विचारावा, एवढीच विनंती. सर्व वाचकांच्या घरी येणारी नातवंडे ज्या अंगाने येतात त्याच अंगाने, किंबहुना थोडी अधिक सावळी आणि धष्टपुष्ट होऊन परत जावोत, ही सदिच्छा.